टाकीवरचा हळद्या

फोटो पाठवला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःची समजूत घालायचा फार प्रयत्न केला की त्यामागे काही विचार होता, बेत होता, निदान दुष्टावा तरी होता. काही नव्हतं. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात फोन, आणि त्यावर यादीवाल्यांचा निरोप : ‘यंदा तुमच्या टाकीवर हळद्या आला का?’ यादीवाले म्हणजे आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटाचे प्रमुख, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शहरात कुठला पक्षी कुठल्या तारखेला पहिल्यांदा दिसला याची ते वर्षानुवर्षं यादी ठेवतात, म्हणून हे नाव. असे निरोप ते सगळ्यांनाच पाठवतात, हे मला ठाऊक होतं. पण ‘तुमच्या टाकीवर’ हे शब्द वाचून मला एकदम बरं वाटलं. घरचं माणूस सोडलं तर दोन महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. दूधवाला विचारायचा, ‘अर्धाच ना?’, तेवढंच. आणि मी टाकीवर गेलोच नव्हतो. पहाटे उठायचं, गळ्यात कॅमेरा अडकवायचा, एका बुटाची नाडी बांधायची आणि दुसरा बूट हातात घेऊन तसंच बसून राहायचं, असं रोज चाललं होतं. त्या दिवशी, तोंडात फेस असताना, मी फोनमध्ये मागे मागे जात गेल्या वसंतातला एक फोटो शोधला, कडेने थोडा कापला आणि गटात सगळ्यांना पाठवून दिला. खाली लिहिलं, ‘आज सकाळी ६.४०.’ मग चूळ भरली. मग कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, आणखी एक शब्द लिहिला : ‘या.’

टाकी म्हणजे आमच्या वसाहतीमागची पाणीपुरवठा खात्याची जुनी, बंद पडलेली टाकी. तिच्याभोवती कुणीही न लावलेली झाडं वाढली आहेत, एक सिमेंटचा बाक आहे, आणि फाटकाला कुलूप असलं तरी शेजारचा गज वाकलेला असल्यामुळे माणूस पोट आत घेऊन आत शिरू शकतो. हळद्या आमच्या शहरात राहत नाही. वसंतात दूर कुठेतरी जाताना दोन-चार दिवस त्या टाकीवरच्या उंच झाडात थांबतो आणि पुढे जातो. अंग पिवळंजर्द, डोळ्यात काजळाची रेघ, पण इतकं असूनही पानांत बसला की दिसत नाही. आधी शीळ ऐकू येते, मग मान मोडेपर्यंत शोधायचं. अठरा वर्षं त्याच्या येण्याची पहिली तारीख मीच कळवत आलो होतो. यादीवाल्यांनी त्या तारखांचा एक आलेख केला होता, वसंत दरवर्षी थोडा थोडा लवकर येतोय का ते बघायला, आणि तो आलेख ते कुठल्याशा संशोधकांना पाठवणार होते. माझ्या ब्रशने आणि फेसाने हळद्या पाच दिवस आधी आला. अठरा वर्षांत इतका लवकर कधी आला नव्हता. यादीवाल्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. म्हणाले, उद्याच येतो, दोघं-तिघं आहेत बरोबर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी बुधवारी सव्वासहाला ते फाटकाशी उभे. यादीवाल्यांच्या हातात वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. वर दोन पेन्सिली, एक मोडली तर दुसरी. एक दातांचे डॉक्टर, त्यांची लेन्स एवढी मोठी की ती आधी गजांतून आत घ्यावी लागली आणि डॉक्टर मागून आले. आम्ही तिला तोफ म्हणायचो. आणि एक बाई, डोक्यावर सुती टोपी, हातात फक्त थर्मास. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तीस वर्षं. गटात सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणतात. त्या पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त ओळखतात. मी त्यांना झाड दाखवलं, फांदी दाखवली, इथे बसला होता म्हणालो, मग इकडे उडाला म्हणालो. हात करून दाखवताना मला तो खरोखर उडताना दिसला. थोडा खाली झोका घेऊन, पुन्हा वर. चौघं बाकावर आणि बाकाच्या आजूबाजूला बसलो. कावळ्याने कुणाच्या तरी दोरीवरून पळवलेली कपड्यांची तारेची खुंटी, हँगर म्हणतात ती, घरट्यात बसवायचा प्रयत्न चालवला होता, ती बसत नव्हती, आणि तो दर वेळी मान तिरकी करून तिच्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे कवळी बसवायला येतात ते असेच बघतात. यादीवाले हसले. बाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसलो. चहाच होता. साधाच, जरा जास्त गोड.

मी बत्तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. माणूस समोर येतो, अर्धा उघडा, घाबरलेला. मी म्हणायचो, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा. मग पलीकडे जाऊन बटण दाबायचं आणि तिथूनच ओरडायचं, सोडा. इतक्या छात्या मी पाहिल्या, पण त्यातल्या एकाही माणसाशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोललो नसेन. बायको म्हणायची, घरातही तुमचं तेच, श्वास रोखायला लावता आणि सोडा म्हणायला विसरता. गमतीनं म्हणायची. निदान मी ते गमतीत घ्यायचो. पक्ष्यांचे फोटो काढायला लागलो ते तिथूनच असावं. पक्ष्याशी बोलावं लागत नाही, श्वास आपणच रोखायचा असतो. ती सुरुवातीला यायची टाकीवर, बाकाच्या एका टोकाला भाजी निवडत बसायची आणि मध्येच काही विचारायची, आणि मी तोंडावर बोट ठेवायचो. किती वर्षं आली? चार? पाच? मग येईनाशी झाली. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून तिच्या शहरात गेली, तीन महिन्यांसाठी. मग बाळाचे दात आले, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग जावयाची बदली झाली आणि नवीन घर लावायचं होतं. एकेक कारण इतकं रास्त की त्याला नाव ठेवायला जागा नाही. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी दहाला तिचा फोन येतो. मी विचारतो, नात काय म्हणते, ती विचारते, गोळ्या घेता ना. लोकांना वाटतं आमचं छान चाललंय, आणि लोकांचं काही चूकही नाही.

तर ते रोज येऊ लागले. मी साडेपाचला उठू लागलो, दोन्ही बूट घालू लागलो. दाढी करू लागलो, हे विशेष. खार जमिनीवर टाकलेल्या पोछ्याचे धागे ओढून तोंडात गोळा करून झाडावर न्यायची, एका सरड्याचा गळा लाल झाला होता आणि तो भिंतीवर डिप्स काढत असायचा, बुलबुलाच्या जोडीने नळाच्या खोक्यात घरटं बांधलं होतं. सगळ्याचे फोटो निघाले. डॉक्टरांची तोफ धडधडत राहायची. मी त्यांना उजेडाबद्दल काही सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. एवढ्या मोठ्या लेन्सवाल्या माणसाने माझं ऐकलं. मी घरी येऊन आरशात बघून हसलो, म्हणजे पाहा. हळद्या अर्थातच आला नाही. कुणी त्याबद्दल कुरकुरही केली नाही. एक्सचेंजबाई एवढंच म्हणायच्या, आज आवाज नाही. आणि मी म्हणायचो, वारा आहे ना.

शनिवारी दुपारी मी तो पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. डार्करूममधल्या माझ्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, मधोमध सगळेच बघतात, तू आधी कोपरे बघ. मी बत्तीस वर्षं कोपरे बघितले आणि नेमक्या या फोटोचे बघितले नाहीत. खालच्या डाव्या कोपऱ्यात, पानांच्या मागे, टाकीच्या लोखंडी शिडीची बोटभर कड आली होती. गंजलेली, लाल. आणि थंडीत खात्याची माणसं येऊन ती शिडी रंगवून गेली होती. आता ती चंदेरी आहे, सकाळी ऊन पडलं की डोळ्यांवर येते, आम्ही चौघं रोज तिच्यासमोरच बसत होतो. चोराच्या मनात चांदणं, तसं पुढचे दिवस माझं झालं. रविवारी यादीवाले चष्मा पुसत होते तर मला वाटलं, आता शिडीकडे बघणार. डॉक्टर तीन दिवसांनंतर यायचे थांबले होते, त्यांचे रुग्ण खोळंबले होते म्हणून, पण मी म्हटलं, त्यांना कळलं. मला पकडलं जायची भीती होती हे खरं; पण आता सांगायचंच तर सगळं सांगतो, त्याहून मोठी भीती ही होती की उद्या कुणी येणार नाही.

त्याच रविवारी दहाला बायकोचा फोन आला. मी बोलत सुटलो. हळद्या आला म्हणालो, सगळ्यात लवकर आला, रोज माणसं येतात, चहा असतो, डॉक्टर असे आणि यादीवाले तसे. खुंटीवाल्या कावळ्याची गोष्ट सांगितली तर ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसवलं होतं. मग ती म्हणाली, आवाजातूनच कळतंय तुमच्या, बरं वाटलं बाई, माझा जीव इथे खालीवर व्हायचा, एकटे आहात म्हणून. आणि म्हणाली, मग मी असं करते, महिनाअखेरीला यायचं मनात होतं ते राहू दे, मुलीला उन्हाळ्यात ऑफिसकडून बाहेरगावी जायचंय, मी पावसापर्यंत राहतेच. तुम्हाला सोबत आहे म्हटल्यावर मला काळजी नाही. मी म्हणालो, हो हो, राहा की. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. ती या महिनाअखेरीला यायचं म्हणत होती, हे तिच्या बोलण्यावरून मला पहिल्यांदा कळलं. मी एक पक्षी खोटा आणला आणि त्याच्या बदल्यात खरं माणूस घालवलं. स्वतःच्या हाताने, वर पुन्हा हसवून.

पुढच्या आठवड्यात यादीवालेही येईनासे झाले, त्यांना आलेखाचं शेवटचं काम होतं. आठवड्याच्या शेवटी, रविवारी, सगळं पाठवायचं होतं. उरलो मी आणि एक्सचेंजबाई. त्या रोज सव्वासहाला येत. भावाच्या घरी राहतात, तिथे सकाळी न्हाणीघरासाठी पाच माणसांची रांग असते आणि त्यांचा नंबर शेवटचा, म्हणून घराबाहेर पडलेलंच बरं, असं त्यांनी एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं. त्या बोलत फार नसत, पण त्यांच्या गप्प बसण्यात मला अवघडल्यासारखं होत नसे. एकदा म्हणाल्या, आमच्या वेळी लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि कान काढून घ्यायचे असा नियम होता, पण कान काही काढता येतात का; माणसं काय काय बोलतात ते सगळं ऐकू यायचं आणि कुणाला सांगायचं नसायचं. त्या सांगत होत्या आणि शिंजीर त्यांच्या टोपीपासून हातभर अंतरावर फुलात चोच खुपसून लटकला होता. मी कॅमेरा उचलला नाही. का, ते माहीत नाही. हलावंसं वाटलं नाही.

अकराव्या दिवशी, शनिवारी, त्यांनी चहा ओतला, झाकण माझ्या हातात दिलं आणि समोर बघत म्हणाल्या, “उद्या यादी जाईल.”

मी हो म्हणालो.

“फोटोत शिडी लाल आहे,” त्या म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी आले तेव्हाच पाहिलं, इथे चंदेरी आहे.”

कान लाल होणं म्हणजे काय ते मला साठी उलटल्यावर कळलं. खोटं बोलायला एक ओळ पुरली होती, खरं बोलायला एक शब्दही सापडेना. शेवटी मी विचारलं की मग त्या रोज का येत राहिल्या, अकरा दिवस, चहा घेऊन.

“तुम्ही लिहिलं होतंत ना, या म्हणून,” त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबून, “मला असं कुणी लिहीत नाही.”

त्या पुढे म्हणाल्या, त्यांचं काही म्हणणं नाही, त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाहीत. पण यादीवाल्यांनी अठरा वर्षं जपलेली वही आहे, तिच्यात हे जाऊ नये. तुम्हीच सांगा, आज सांगा. मग आता मी यायचं काही कारण राहणार नाही, हेही त्या म्हणाल्या, अगदी सहज, आणि झाकण धुऊन थर्मासला लावलं. खरं म्हणजे इथे बोलायचं होतं मी. कारण राहतं, असं म्हणायचं होतं. बुलबुलाची पिल्लं चार दिवसांत बाहेर येतील, ती बघायला या, एवढं जरी म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी “बरं” म्हणालो. बरं! त्या गजांतून वाकून बाहेर पडल्या, टोपी अडकली ती सोडवली, आणि गेल्या. मी बाकावर बसून राहिलो आणि माझ्याच तोंडातला तो ‘बरं’ मला ऐकू येत राहिला, कारण तो मी आयुष्यभर म्हणत आलो होतो.

घरी येऊन यादीवाल्यांना फोन लावला. सगळं सांगितलं, ब्रशसकट. मला वाटलं ओरडतील, ओरडायला हवं होतं, सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, आधीची वर्षं? मी म्हणालो, ती खरी आहेत, अठराच्या अठरा, माझ्याकडे तारखेसकट फोटो आहेत. ते म्हणाले, फोटो या वेळीही होता. म्हणाले, रागावलो नाही, पण नाइलाज आहे, तुमच्या सगळ्याच नोंदी आता बाजूला ठेवाव्या लागतील. टाकीची ओळच काढतो. मग शिक्षकच ते, जाता जाता म्हणाले, नाही आला असं लिहिलं असतंत तरी ती नोंदच होती हो. आम्हाला ‘नाही’ पण लागतं.

रविवारी मी टाकीवर गेलो. दोन्ही बूट घालून. सव्वासहा वाजले, साडेसहा वाजले, गजाशी कुणी आलं नाही. कावळ्याची खुंटी एकदाची बसली होती, तो तिच्यावर उभा राहून सगळ्या जगाकडे बघत होता. मी श्वास रोखून झाडाकडे कान लावला, शीळ नव्हती. बाक लांब वाटत होता. मी विचार करत होतो की ज्या बाईंना मी नीट ओळखतही नाही, त्या एका ‘या’वर अकरा दिवस आल्या. आणि जिच्याबरोबर छत्तीस वर्षं काढली तिला दोन वर्षांत मी हो म्हणालो, बरं म्हणालो, राहा की म्हणालो, नात काय म्हणते म्हणालो, गोळ्या घेतो म्हणालो. आठवायला लागलो तर आठवेना, मी तिला ‘ये’ कधी म्हणालो ते. मला वाटायचं, तिला कळतं. तिला यायचं असेल तर येईल, आपण कशाला आड यायचं, मुलीचा संसार आहे, लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला करमत नाही. असं म्हणत म्हणत मी माझा मोठेपणा जपला आणि घरात एकटाच बसलो. मला करमत नव्हतं. मला दोन वर्षं अजिबात करमत नव्हतं. त्या बाकावर मी हे मोठ्याने म्हणून पाहिलं. सरडा डिप्स काढायचा थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

दहा वाजायची वाट न बघता मी तिथूनच तिला फोन लावला. तिने घाबरूनच उचलला, काय झालं, बरे आहात ना. मागे कुकरची शिट्टी, नातीचं काहीतरी मागणं, टीव्ही. मी म्हणालो, हळद्या आला नव्हता, मी खोटं सांगितलं, तुलाही आणि त्यांनाही. आता कुणी येत नाही. ती म्हणाली, अगंबाई, असं का केलंत. मी म्हणालो, ते जाऊ दे.

“तू ये,” मी म्हणालो. “मला करमत नाही. पावसापर्यंत थांबू नको, ये.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला, बहुतेक ती दुसऱ्या खोलीत गेली. दार लागल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ तिच्या श्वासाशिवाय काही नाही, आणि मी बत्तीस वर्षं लोकांना म्हणत आलो तसं मनात म्हणत होतो, सोड आता, सोड.

“मी निघाले तेव्हा स्टेशनवर काय म्हणाला होतात, आठवतं?” तिने विचारलं.

मला आठवत नव्हतं.

“गाडी सुटताना मी खिडकीतून बघत होते, तुम्ही काही म्हणाल म्हणून. तुम्ही म्हणालात, सावकाश ये, माझी काही घाई नाही.” तिचा आवाज जड झाला होता, पण ती रडत नव्हती. “तुमच्या सांगण्यावरूनच चाललंय सगळं. मी सावकाशच येतेय.”

मी म्हणालो, तेव्हा चुकलो, आता घाई आहे. तिकडून नात दार वाजवू लागली, आजी, आजी, आणि ती तिला ‘आले गं’ म्हणाली, किती पटकन म्हणाली. मग मला म्हणाली, “बघते.” फोन ठेवला. तिच्या ‘बघते’चा अर्थ हो असतो की नाही, ते मला छत्तीस वर्षांत एकदाही आधी कळलेलं नाही.